ट्रेन्झवरची दार्जिलिंगची गाडी, मोतीबागेच्या कानांनी ऐकलेली

बाबांनी डोळे मिटले होते. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येत होता आणि ते उजव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत होते. मिनिटभराने म्हणाले, "पोरी, याचे ठोके अर्धेच पडून राह्यले."

मी नागपुरात कडबी चौकाजवळ राहते. बाबा १९६९ साली मोतीबागेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, मग ड्रायव्हर. वीसेक वर्षं वाफेवर, पुढे डिझेलवर, सगळी नोकरी अडीच फुटी रुळांवर. छिंदवाड्याकडे जाणारी ती नॅरोगेज २०१५ च्या शेवटी बंद झाली आणि आता तिथे ब्रॉडगेज धावते. बाबांचं वय आता ७८. हे आधीच सांगते, कारण या परीक्षणात अर्ध्याहून जास्त मत त्यांचं आहे. मी स्वतः कालव्यांच्या आखणीचं काम करते. चढ, उतार, समपातळी रेषा यांच्याशी माझा रोजचा संबंध. इंजिनाचं मला जे कळतं ते घरात ऐकूनच.

ज्याचं परीक्षण करते आहे तो ट्रेन्झ या रेल्वे सिम्युलेटरसाठी बनवलेला दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचा मार्ग आहे. बनवणाऱ्या हौशी माणसाने तो टोपणनावाने फुकट दिला आहे. मी तीन महिने तो चालवला, उघडला, दुरुस्त केला, पुन्हा चालवला. घ्यावा का? घ्यावा. पण उतरवून घेतला तसाच चालवू नये. का, ते पुढे सांगते.

ज्यांना ट्रेन्झ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा सिम्युलेटर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा, पहिली आवृत्ती २००१ ची. त्याचे दोन मुख्य भाग: ड्रायव्हर, म्हणजे गाडी चालवणं, आणि सर्व्हेयर, म्हणजे जमीन, रूळ, स्टेशनं बसवणं. दुसऱ्याने बनवलेला मार्गही आपण सर्व्हेयरमध्ये उघडून बदलू शकतो. जमीन ७२० मीटर बाय ७२० मीटरच्या चौरस पाटांनी जोडलेली असते. पाटाला पाट लावत डोंगर उभा करायचा. जगभरच्या लोकांनी बनवलेली इंजिनं, झाडं, खांब, घरं एका सामायिक साठ्यातून फुकट उतरवता येतात. माझ्यासारख्या माणसाला ही सोय सोन्यासारखी आहे, कारण मला नुसती गाडी पळवायची नसते. रूळ तिथून का गेला, ते समजून घ्यायचं असतं.

आणि दार्जिलिंगच्या रुळाइतका "तिथून का गेला" हा प्रश्न विचारायला लावणारा दुसरा रूळ मला माहीत नाही. सिलिगुडीची उंची सव्वाशे मीटरच्या आत, घूम स्टेशनची २२५८ मीटर. मधलं अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. दातेरी पट्टी नाही, दोर नाही, लांबलचक बोगदे नाहीत. फक्त लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्या घर्षणावर, दोन फुटांच्या गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर), म्हणजे ६१० मिलिमीटरवर, गाडी चढते. आमची नागपूरची नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची. बाबांना पहिल्यांदा मार्ग दाखवला तेव्हा ते रुळाकडे बघून म्हणाले, "हे तं आपल्याहून वीतभर बारीक आहे." फरक सहा इंचांचा आहे. डोळ्यांनी मोजला त्यांनी.

ट्रेन्झमध्ये गेज हे फक्त दिसण्यापुरतं असतं. सिम्युलेटरच्या दृष्टीने रूळ म्हणजे एक रेष. कुठलंही इंजिन कुठल्याही रुळावर ठेवा, ते चालेल, फक्त चाकं बाहेर लोंबताना दिसतील. त्यामुळे मार्ग बनवणाऱ्याने ६१० चा रूळ घेऊन त्यावर नीट बसणारी चाकं जुळवली असतील तर त्याने मनापासून काम केलं आहे हे लगेच कळतं. इथे ते जुळलेलं आहे. कॅमेरा रुळाच्या पातळीवर नेऊन मी तपासलं. चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला हवी तशी बसते.

पण मग वर्षाचा घोळ सुरू होतो.

मार्गाच्या वर्णनात काळ दिला आहे १९०० च्या आसपासचा. इतिहास असा: ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचा एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज याने ही कल्पना मांडली, १८७९ मध्ये काम सुरू झालं, ऑगस्ट १८८० मध्ये गाडी कर्सियांगला पोचली आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला. बतासियाचा लूप, म्हणजे रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून जातो ते वळण, मात्र १९१९ चा. तरी या १९०० च्या मार्गात बतासिया आहे. आहे तो आहे, त्याच्या मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारकही आहे, जे १९९५ मध्ये उभं राहिलं. गाडी न्यू जलपाईगुडीहून सुटते, तिथवर हा रूळ १९६० च्या दशकात गेला. तिनधारियाच्या वर्कशॉपबाहेर डिझेल इंजिन उभं आहे, ती इंजिनं या मार्गावर आली २००० च्या सुमारास. शंभर वर्षांचे फोटो एकाच अल्बममध्ये चिकटवल्यासारखं झालं आहे.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. मला त्यात खूप आहे. ऐतिहासिक मार्ग पुन्हा उभा करायचा म्हणजे आधी एक वर्ष निवडायचं. रेल्वे ही बदलत राहणारी वस्तू असते आणि डोंगरातली तर जास्तच. डोंगर दर पावसाळ्यात तिचा एखादा तुकडा खातो. १९४२ च्या पुराने खालच्या भागातला एक लूप गेला आणि त्याच्या जागी मागे-पुढे होत चढण्याचा झिगझॅग आला. २०१० मध्ये पागलझोऱ्याजवळ दरड कोसळली आणि वरपासून खालपर्यंतची सलग गाडी पुढची काही वर्षं बंद होती. तुम्ही १९०० म्हणालात तर एक रूळ, १९५० म्हणालात तर दुसरा, आजचा म्हणालात तर तिसरा. सगळे एकत्र केले तर असा रूळ तयार होतो की ज्यावर कधीच कुठली गाडी गेली नाही.

मी १९२५ निवडलं. बतासिया राहिला, स्मारक काढलं, डिझेल काढलं, सुरुवात सिलिगुडीला नेली, गेलेला लूप जुन्या नकाशावरून पुन्हा काढला. हे काम दीड महिना चाललं. १९२५ निवडण्याला एक कारण इंजिनाचंही आहे, त्याकडे येतेच.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण या मार्गाची सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठी मेहनत दोन्ही तिथे आहेत. बनवणाऱ्याने डोंगर हाताने रचलेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने पृथ्वीची उंची मोजली गेली, ती माहिती आता सर्वांना खुली आहे, आणि ती ट्रेन्झमध्ये आणता येते. त्यामुळे पायथ्याच्या सुकना स्टेशनपासून वर बघितलं की डोंगरांच्या रांगा जशा असाव्यात तशाच दिसतात. महानदी नावाच्या स्टेशनच्या पुढे दरी उघडते तिथे मी पहिल्यांदा गाडी थांबवून नुसती बघत बसले होते.

पण त्या माहितीत उंचीचा एक आकडा साधारण ३० मीटरच्या चौकोनाला मिळतो. आता ॲगनी पॉइंटचा विचार करा. तिनधारियाच्या वरच्या अंगाला हा लूप आहे आणि त्याची त्रिज्या सुमारे १८ मीटर, या मार्गावरचं सगळ्यात आवळलेलं वळण. म्हणजे अख्खा लूप अशा दोन-चार चौकोनांत संपतो. रूळ स्वतःभोवती फिरून स्वतःच्याच वर येतो आणि जमिनीच्या माहितीला त्याचा पत्ताही नसतो. बनवणाऱ्याने जमीन आहे तशी ठेवून रूळ तिच्यावर अंथरला. परिणाम असा की चढ पायऱ्यांसारखा झाला. एका जागी मी मोजला तर १४ ला १ निघाला, म्हणजे १४ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, त्याच्यापुढे लगेच जवळपास सपाट, मग पुन्हा १६ ला १. खऱ्या मार्गावर चढ साधारण २५ ला १, काही तुकड्यांत २० ला १ च्या आसपास. आपल्या भोर घाटाचा तीव्र चढ ३७ ला १ आहे आणि तिथे मागून जास्तीची इंजिनं लावतात, यावरून अंदाज घ्या.

माझ्या रोजच्या कामात कालव्याला हजारात एक उतार दिला तरी पाणी फार पळतं. त्यामुळे २५ ला १ हा आकडा माझ्या हाताला आधी टोचलाच. मग मी आमच्या कामात करतो तसं केलं. जमिनीवर विश्वास न ठेवता ठरलेल्या ठिकाणांच्या उंचीवर ठेवला. तिनधारिया ८६० मीटर, कर्सियांग १४८० च्या आसपास, मधला रूळ वीसेक किलोमीटर. म्हणजे सरासरी ३२ ला १. ही दोन टोकं पक्की बांधायची, मध्ये लूप आणि झिगझॅग जिथे आहेत तिथे रूळ आधी नीट काढायचा, आणि जमीन नंतर रुळाला आणून लावायची, उलटं नाही. तिथे खऱ्या माणसांनीही तेच केलं होतं. डोंगर कापला, भिंती घातल्या, भराव टाकला. सर्व्हेयरमध्ये ही भिंत आणि भराव मी हाताने बसवत गेले तेव्हा कुठे मला त्या मजुरांच्या कामाचा आवाका कळला. एका लूपला चार रात्री लागल्या, माउसने.

दुरुस्तीनंतर गाडी चालवली तेव्हा फरक बसल्या जागी कळला. आधी गाडी दम लागल्यासारखी धावत-थांबत होती. आता एकसारखं ओढणं सुरू झालं, न संपणारं. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

आता इंजिन. मार्गासोबत बी वर्गाचं इंजिन येतं. हीच या रेल्वेची ओळख. मूळ रचना शार्प स्टुअर्ट कंपनीची, १८८९ ची, आणि १९२५ पर्यंत अशी ३४ इंजिनं बनली. (१९२५ घेण्याचं दुसरं कारण हे.) चार चाकं, चारही ओढणारी, व्यास फक्त २६ इंच. पाण्याची एक टाकी बॉयलरवर खोगिरासारखी, दुसरी खाली चाकांच्या मधल्या सांगाड्यात. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. त्यामुळे पाण्याचं, कोळशाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं आणि पकड मिळते. इंजिन लहान आहे म्हणून कमकुवत वाटतं, पण या चढासाठी ते असंच हवं होतं.

मॉडेल दिसायला फार सुंदर आहे. पितळी वाफपेटी, पुढचा दिवा, कॅबमधले नळ, सगळं जागच्या जागी. बाबांनी कॅब फिरवून फिरवून पाहिली. पाण्याची काच कुठे, इंजेक्टर कुठे, रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) कसा ओढायचा, एकेक बोटाने दाखवत गेले. दोनच गोष्टी त्यांना खटकल्या.

पहिली ठोक्यांची. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चिमणीतून चार ठोके. २६ इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं वर जातं. ताशी सहा किलोमीटरने चढताना सेकंदाला तीनच्या वर ठोके ऐकू यायला हवेत. मॉडेलमध्ये दीडच येत होते. हे सगळं गणित मी नंतर कागदावर मांडलं. बाबांनी ते खुर्चीच्या दांड्यावर आधीच मांडलं होतं. मी बनवणाऱ्याला कळवलं, चाकाच्या व्यासासकट हिशोब पाठवला, आणि आठवड्याभरात त्याने आवाजाची फाईल बदलून दिली. त्याबद्दल त्याचे मनापासून आभार. इतक्या लांब बसलेला, तोंडओळख नसलेला माणूस नागपुरातल्या एका निवृत्त ड्रायव्हरच्या कानावर विश्वास ठेवतो, याचं बाबांना फार अप्रूप वाटलं. ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

दुसरी गोष्ट वाळूची. ती मात्र अजून तशीच आहे. खऱ्या बी इंजिनाच्या पुढच्या बफरच्या फळीवर दोन माणसं बसतात आणि चाक घसरायला लागलं की हाताने रुळावर वाळू टाकतात. कोळशावर आणखी एक माणूस बसतो, तो ढेकळं फोडून फायरमनकडे सरकवतो. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा, दोन वाळूवाले: एवढ्याशा इंजिनावर पाच जण. मॉडेलमध्ये ती दोन माणसं पुढे बसलेली आहेत, अंगावर शाली आहेत, पण ती पुतळ्यासारखी. वाळूचं बटण दाबलं की आकडा बदलतो, त्यांचा हात हलत नाही, आवाजही बदलत नाही. बाबा म्हणाले, "वाळू पडली का चाक करकरते. थो आवाज आला म्हणजे जीव भांड्यात पडते. इथं मले कसं समजन?" अगदी खरं आहे. कॅबमधून पुढचं फारसं दिसत नाही, ड्रायव्हरला कान हाच आधार. पुढच्या आवृत्तीत बनवणाऱ्याने एवढं एक केलं तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.

झिगझॅगबद्दल सगळ्यांना उत्सुकता असते. आजच्या खऱ्या मार्गावर सहा ठिकाणी गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, मग ती उलटी चढते, पुन्हा थांबते, पुन्हा सांधा, पुन्हा सरळ. इंग्रजी झेड अक्षर लोळवून ठेवल्यासारखं. जिथे वळायला जागा नाही तिथे वळायचंच नाही, मागे-पुढे होत उंची मिळवायची. मधल्या तुकड्यात इंजिन खालच्या टोकाला असतं आणि डब्यांना वर ढकलतं. हा तुकडा चालवताना माझ्या हाताला दर वेळी घाम येतो, कारण दिशेचा दांडा उलटा फिरवून ब्रेक सोडेपर्यंत गाडी खाली सरकायला बघते.

बनवणाऱ्याने इथे एक सोय करून ठेवली आहे जी मला मुळीच मान्य नाही. सांधे आपोआप बदलतात आणि झिगझॅगच्या टोकाचा रूळ त्याने खूप लांब केला आहे, म्हणजे आठ डब्यांची गाडीही मावावी. खऱ्या मार्गावर टोकाला जागाच नाही. तिथे डोंगराची कड असते. त्या टोकाच्या लांबीवरच गाडीची लांबी ठरते, आणि म्हणूनच वाफेच्या काळात मोठी गाडी एकसंध न नेता तिचे भाग करून, प्रत्येकाला वेगळं इंजिन लावून, एकामागोमाग सोडत. टोक लांब केलं की या रेल्वेचं सगळं वेळापत्रक, सगळी माणसं, सगळा शहाणपणा निरर्थक होतो. मी टोकं आखूड केली, सांधे हाताने बदलायचे ठेवले, तीन डबे लावले. आता एका झिगझॅगला चार-पाच मिनिटं लागतात. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांनी बनवणाऱ्याची मूळ सोय ठेवावी. पण मग त्यांनी हा मार्ग का घ्यावा, हे मला समजत नाही.

झाडांवर फार लिहीत नाही. खाली सुकनाला सालाचं जंगल हवं, मध्ये चहाचे मळे, वर सोनादा-घूमकडे उंच, काळपट धुपीची झाडं. मार्गात खालपासून वरपर्यंत एकच पाइन. मी घूमच्या पट्ट्यातली तेवढी बदलली, बाकी हळूहळू करीन. कर्सियांगचा बाजार मात्र बघण्यासारखा आहे. रूळ दुकानांच्या इतका जवळून जातो की खिडकीतून हात काढला तर टांगलेली छत्री काढून घेता येईल. हिल कार्ट रोड रुळाच्या या बाजूने त्या बाजूला सारखा पळत असतो, तोही छान साधला आहे. दर क्रॉसिंगला शिटी वाजवावी लागते आणि क्रॉसिंगं शंभरावर आहेत. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, तुमच्याकडे कुकर कधीपासून एवढा वेळ लावता?

यंत्राबद्दल नागपूरकरांसाठी एक सूचना. माझ्या लॅपटॉपला आठ जीबी मेमरी होती, तिनधारियाच्या पुढे चित्र अडखळायचं. सोळा केल्यावर थांबलं. पण मे महिन्यात दुपारी बारा ते पाच हा मार्ग चालवू नका. बाहेर पंचेचाळीस अंश असताना लॅपटॉप स्वतःच गरम होऊन हळू पडतो. मी तो कुलरच्या थेट झोतात ठेवून बघितला, तर दमट हवेने वेगळीच काळजी. आता आम्ही पहाटे पाच ते साडेसात चालवतो. बाबा तसेही साडेचारला उठतात, ड्युटीची सवय. चहाचा कप, बाहेर कोकीळ, पडद्यावर घूमचं धुकं. मोतीबागेच्या वस्तीत बसून थंडी वाजल्यासारखं वाटतं.

या सगळ्याचा मला झालेला खरा उपयोग वेगळाच आहे. दार्जिलिंगच्या मार्गावर जे शिकले त्यावरून मी आमची नॅरोगेज उभी करायला घेतली आहे. सगळी नाही. रामाकोना ते उमरानाला, भीमालगोंदीचा घाट. सातपुड्यात चढताना जिथे गाडी हळू व्हायची, सागाची पानं डब्यात यायची आणि लोक उतरून गाडीबरोबर चालल्याच्या गोष्टी आमच्या घरात सांगितल्या जातात, तो तुकडा. त्यासाठी मोतीबागेच्या नॅरोगेज म्युझियमला चार वेळा जाऊन आले. २००२ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि इतकी वर्षं मी तिथे पाहुण्यांना घेऊनच जात होते. या वेळी टेप घेऊन गेले. डब्याच्या पायरीची उंची, खिडकीची रुंदी, बफरची जागा, सगळं वहीत उतरवलं. बाबा एका जुन्या इंजिनाच्या चाकावर हात ठेवून उभे होते. त्यांनी मला कपलिंग कसं जोडायचं ते रिकाम्या हातांनी करून दाखवलं.

दार्जिलिंगचा हा मार्ग नसता तर मी ते काम उलटं केलं असतं. आधी जमीन उतरवली असती, मग तिच्यावर रूळ अंथरला असता आणि भीमालगोंदीचाही तसाच पायऱ्या-पायऱ्यांचा घाट करून ठेवला असता. आधी वर्ष, मग स्टेशनांची उंची, मग रूळ, मग जमीन, झाडं सगळ्यात शेवटी, हा क्रम मला दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करताना मिळाला. म्हणून त्या अनोळखी माणसाच्या कामाबद्दल मी कितीही तक्रार केली तरी ते मी जपून ठेवणार आहे.

बाबांनी इतके दिवस माउसला हात लावला नव्हता. मागच्या रविवारी पहाटे ते म्हणाले, "सरक, मी पाह्यतो." कॅबमधले दांडे माउसने धरून ओढता येतात, त्यामुळे त्यांना कळफलक शिकावा लागला नाही. तिनधारियाहून निघाले. पाणी घेतल्याशिवाय निघणार नाही म्हणाले, म्हणून तिथे सात मिनिटं थांबलो. मी वर्तमानपत्र उघडलं, त्यांनी ते बाजूला ठेवायला लावलं. ड्युटीवर वाचायचं नाही.

ॲगनी पॉइंटच्या वळणात चाक घसरलं. मी असते तर रेग्युलेटर आणखी उघडला असता. त्यांनी तो पूर्ण बंद केला, गाडी हातभर मागे येऊ दिली, ब्रेकवर धरली, वाळूचं बटण दाबून ठेवलं आणि रेग्युलेटर इतका हळू उघडला की पहिला ठोका पडायच्या आधी मला वाटलं काहीच होणार नाही. मग एक ठोका. थांबून दुसरा. मग तिसरा-चौथा लागून. रूळ रुळाच्या वरून गेला, खाली आम्ही आत्ताच ज्या जागी अडकलो होतो ती जागा दिसली.

गयाबाडीला पोचलो तोवर साडेसात वाजले होते आणि दाराशी दूधवाला. बाबांनी ब्रेक लावला, हातब्रेकही लावला, पाण्याची काच बघितली आणि मगच उठले. मी ते सत्र जपून ठेवलं आहे, "बाबा, गयाबाडी" या नावाने. दार्जिलिंग अजून चाळीस किलोमीटरच्या वर आहे. उरलेलं येत्या रविवारी.